तुलनेसाठी एक दात

आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख मॅडमनी फर्मान काढलं की पुस्तकाच्या शेवटी प्रत्येक संशोधकाने दोन पानं स्वतःबद्दल लिहायची. कारखान्याबद्दल नाही, नदीबद्दल नाही, स्वतःबद्दल. या अभ्यासाने तुमचं काय झालं ते लिहा, म्हणाल्या. नकाशेवाल्याने लगेच लिहून टाकलं. त्याला म्हणे जुने नकाशे उलगडले की नदीचा आवाज ऐकू येतो. मुलाखती घेणाऱ्या दोघींनी म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांतलं पाणी वगैरे लिहिलं. मॅडमना ते फार आवडलं. माझंच घोडं अडलंय. मॅडम येताजाता दारातून डोकावतात आणि विचारतात, "झालं का गं?"

झालं नाही, कारण मला भीती वाटते आहे. एवढं एकच वाक्य लिहून दिलं तर त्या म्हणतील, अभ्यासकाला हे शोभत नाही. न शोभू दे. मला सातवा महिना आहे आणि मला माझ्याच हाडांची भीती वाटते. असं कसं झालं, ते सांगते.

आमच्या अभ्यासाचा विषय म्हणजे शिसं वितळवायचा एक कारखाना. तो बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली. नदीकाठी कारखाना, त्याला चिकटून कामगारांची वस्ती, आणि मागे टेकडी. टेकडीवर अधिकाऱ्यांचे बंगले, शाळा आणि एक बाग. मी त्या टेकडीवर वाढले, कारण माझे बाबा कारखान्यात इंजिनियर होते. मॅडमना हे पहिल्यापासून माहीत होतं. त्यांनी मला घेतलं तेच मुळी म्हणून. घरचीच मुलगी असली की जुनी माणसं दार उघडतात, असा त्यांचा अनुभव.

वस्तीचा इतिहास म्हणजे धुराचा इतिहास. सुरुवातीला कारखान्याचं धुराडं बुटकं होतं आणि धूर सरळ लोकांच्या घरात शिरायचा. मुलं पोटदुखीने कळवळायची, शाळेत मागे पडायची. बायकांचे गर्भ टिकत नसत. लोकांनी अर्ज केले, मोर्चे काढले, काम बंद पाडलं. मालक ढिम्म. शेवटी एका तरुण इंजिनियरने मालकांच्या हात धुऊन मागे लागून धुराडं दुपटीने उंच करून घेतलं. धूर वर गेला आणि वस्तीवरचं आभाळ निवळलं. तो इंजिनियर म्हणजे माझे बाबा. मी जन्मले त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. यावर मी एक आख्खं प्रकरण लिहिलं, आणि खोटं कशाला बोलू, छाती फुगवून लिहिलं.

पण नुसती आठवण म्हणजे पुरावा नव्हे, आणि कारखान्याच्या कागदांत धूर कुठेच नाही. म्हणून आम्ही दात गोळा केले. दुधाचे दात. लहानपणी शिसं अंगात गेलं की ते हाडांत आणि दातांत जाऊन बसतं. दात पडला तरी ते त्यातून जात नाही. वस्तीतल्या आयांनी मुलांचे पडलेले दात जपून ठेवलेत, हे कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं आणि मी घरोघर फिरायला लागले. काडेपेटीतले दात, गोळ्यांच्या बाटलीतले दात, एका आजीने तर कानातल्यांच्या डबीत ठेवलेले. कुणाच्या तोंडातला कोणता, हेही त्या धडाधड सांगायच्या. नवरा म्हणायचा, लोक वर्गणी मागत फिरतात, आमची ही दात मागत फिरते.

दात तपासणारी आमच्यात एकटीच. तिला सगळे दातवालीच म्हणतात. तळघरात तिची प्रयोगशाळा आहे आणि जिभेला हाड नाही. "तुमचे पुरावे बोलतात म्हणे," ती आम्हा इतिहासवाल्यांना म्हणते, "माझे चावतात." तिने वस्तीतल्या दातांचे काप केले आणि आम्हाला हवं तेच निघालं. बुटक्या धुराड्याच्या काळातले दात शिशाने भरलेले, धुराडं उंच झाल्यानंतरचे बरेच बरे, आणि आजच्या मुलांचे जवळजवळ स्वच्छ. मी खूश. माझं प्रकरण दातांनी उचलून धरलं होतं.

"पण मला एक बाहेरचा दात दे," दातवाली म्हणाली. "धूर न लागलेल्या घरातला. तुलनेला काही नको का?"

दुसऱ्या दिवशी मी तिला ठकीचा दात नेऊन दिला. ठकी माझी मुलगी, सात वर्षांची. तिचा पुढचा दात नुकताच पडला होता. आम्ही राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला. ठकीने कारखाना पाहिलाय तो फोटोत. आणि मी तर टेकडीवरच्या मोकळ्या हवेत वाढलेली.

"यापेक्षा स्वच्छ घराणं तुला मिळायचं नाही," मी दातवालीला म्हणाले होते. ऐटीत म्हणाले होते.

त्यानंतर ती मला टाळायला लागली. जेवणाच्या सुट्टीत मी दिसले की कप उचलून तळघरात पळायची. मला वाटलं, यंत्र बिघडलं असेल आणि बाईसाहेबांना सांगायची लाज वाटत असेल. मग एका दुपारी तिने मला खाली बोलावलं आणि मी आत गेल्यावर दार लावून घेतलं. जी बाई भर व्हरांड्यात वाट्टेल ते बोलते, ती दार लावून घेते तेव्हा काळजात धस्स होतं.

"बस आधी," ती म्हणाली. "मला वाटलं चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. म्हणून परत केलं. मग यंत्र साफ करून परत केलं."

"काय केलं परत?"

"ठकीचा दात. वस्तीतल्या आत्ताच्या कुठल्याही मुलापेक्षा त्यात शिसं जास्त आहे. थोडंथोडकं नाही."

मी हसले. खरंच हसले. "काहीतरीच काय बोलतेस!" आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात आमचं घर गरगर फिरायला लागलं. भिंतींचा रंग, नळ, बाल्कनीतल्या कुंड्यांची माती, ठकी तान्ही असताना सतत तोंडात घालायची ती लाल गाडी. "कुठून आलं मग? घरात काय आहे असं?"

"घरात काही नाहीये," दातवाली म्हणाली.

तिने पडद्यावर दाताचा काप दाखवला. दात थरांनी वाढतो, हे मला माहीत होतं. त्या थरांच्या मधून एक बारीक काळसर रेघ गेली होती. "ही जन्माची रेघ. प्रत्येकाच्या दुधाच्या दातात असते. मूल बाहेर येतं ना, त्या धक्क्याने उमटते. रेघेच्या या बाजूचा भाग जन्मानंतर तयार झालाय. बघ, इथे शिसं कमी कमी होत गेलंय. आणि या बाजूचा..."

"जन्माच्या आधी," मी म्हणाले.

"पोटात असताना."

मला पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती. हाडांत बसलेलं शिसं वर्षानुवर्षं गुपचूप पडून असतं. बाई गरोदर राहिली की बाळाची हाडं घडवायला तिचं शरीर तिच्या हाडांतलं कॅल्शियम काढायला लागतं आणि त्याच्याबरोबर शिसंही सुटतं. थेट बाळाकडे जातं. यावर मी पुस्तकात दोन परिच्छेद लिहिलेत, वस्तीतल्या बायकांबद्दल. त्यांत मी त्यांच्यासाठी 'वाहक' असा शब्द वापरलाय. फार नेमका शब्द सापडला म्हणून तेव्हा मला बरं वाटलं होतं.

दातवाली माझ्या पोटाकडे बघत होती आणि बघत नाही असं दाखवत होती. तेव्हा मला सहावा लागला होता. "आजच्या आज डॉक्टरकडे जा," ती म्हणाली. "मी कुणाला काही बोललेले नाही." मग तिने माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला, आणि तो तिने दिला म्हणून मी जास्तच घाबरले.

पण माझ्यात कुठून? जिना चढताना मी स्वतःशी भांडत होते. मी वस्तीतली नाही. मी टेकडीवरची आहे. वर येऊन मी सरळ नकाशेवाल्याच्या खोलीत गेले. गोल मटोल माणूस, चष्मा कायम कपाळावर, आणि सगळीकडे गुंडाळ्या.

"अहो, धुराडं उंच केल्यावर धूर जायचा कुठे?"

"वर!" तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसला.

"वर म्हणजे कुठे?"

माझा चेहरा बघून त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. उंचीच्या रेषांचा नकाशा पसरला, वाऱ्याची जुनी नोंद काढली. वर्षातला बहुतेक काळ वारा नदीकडून टेकडीकडे. मग त्याने नदीपासून टेकडीपर्यंतचा उभा छेद कागदावर काढला, त्यावर धुराडं काढलं, आधी बुटकं, मग उंच. उंच धुराड्याच्या तोंडाशी त्याने पट्टी आडवी ठेवली आणि पेन्सिलीने रेघ ओढत नेली. रेघ जाऊन टेकली ती शाळेच्या पटांगणाला आणि बंगल्यांच्या ओळीला.

"अरेच्चा!" नकाशेवाला खुर्चीतून उठलाच. "हे कुणी पाहिलंच नाही! अगं, हे तुझ्या प्रकरणात घालायलाच पाहिजे. काय सापडलंय माहितीये का तुला!"

त्याचा काही दोष नाही. काही सापडलं की आम्ही असेच नाचतो. मी मात्र त्या रेघेकडे बघत होते आणि मला आमच्या घरातली खिडकी दिसत होती. त्या खिडकीतून धुराड्याचं तोंड अगदी समोर दिसायचं. वर बघावं लागायचं नाही, खालीही नाही. सकाळी कधीकधी धूर अंगणात उतरायचा आणि आम्ही पोरं त्यात पकडापकडी खेळायचो. आई खिडकीच्या कट्ट्यावरची करडी धूळ पुसायची आणि ती पुसायच्या आधी मी तीत बोटाने चित्रं काढायचे. मग तेच बोट तोंडात.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही सगळे शिकलेसवरलेले वस्तीत दात शोधत फिरलो, कारण तक्रारी वस्तीच्या होत्या. टेकडीवरून एकही तक्रार कधी आली नाही. येणार कशी? त्यांचा पगार त्या कारखान्यातून यायचा आणि कारखाना चालवायचेही तेच, तक्रार कुणाकडे करणार? तक्रार नाही म्हणजे धूर नाही, असं आम्ही गृहीत धरलं. इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही मी या चुकीबद्दल नापास करीन.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि निकाल वाचून म्हणाल्या, "घाबरू नका." डॉक्टर हे वाक्य निष्कारण कधी म्हणत नाहीत. फार नाहीये, पण दुर्लक्ष करण्याइतकं कमीही नाहीये. कॅल्शियम भरपूर घ्यायचं, लोह घ्यायचं, जेवण चुकवायचं नाही, आणि पुन्हापुन्हा रक्त तपासायचं. बाहेरून कॅल्शियम मिळालं की शरीर हाडांना कमी हात लावतं.

"म्हणजे वाढणार नाही ना?" मी विचारलं.

"शेवटच्या महिन्यांत बाळाची हाडं भराभर वाढतात," त्या म्हणाल्या. "तेव्हा थोडं वाढेलच. आपण लक्ष ठेवू."

"आणि आत्तापर्यंत गेलंय ते?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते परत काढता येत नाही."

ठकीचंही रक्त तपासलं. आता तिच्या रक्तात विशेष काही नाही. मी सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या की रक्तातलं निघून जातं, पण मेंदू घडायचा काळ तर मागेच होऊन गेला. ठकी चारचौघांसारखी आहे. पण तिचं मन एका जागी ठरत नाही, वाचायला घेतलं की ओळी सुटतात, आणि शाळेतल्या बाई दर खेपेला तेच सांगतात. आधी मी म्हणायचे, आळशी आहे मेली, बापावर गेलीये. आता ती पुस्तक घेऊन बसली की मी दारात उभी राहून बघत राहते. कदाचित याचा त्याच्याशी काहीएक संबंध नसेल. असेल किंवा नसेल, ते मला जन्मभर कळणार नाही.

टेकडीवरच्या शाळेतल्या मैत्रिणींना मी फोन लावले. सांगणं भाग होतं. एक म्हणाली, तू आधीपासूनच भित्री. एकीने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "म्हणून माझे दोन्ही टिकले नसतील का गं?" मी तिला माझ्या डॉक्टरांचा नंबर सांगितला.

तेव्हापासून मी अशी चालते, जणू जोरात पाऊल टाकलं तर हाडांतून आणखी सांडेल. वेडेपणा आहे, मला कळतं. नवरा सकाळ-संध्याकाळ दुधाचा पेला घेऊन समोर उभा राहतो आणि मी संपवेपर्यंत हलत नाही. त्यालाही भीती वाटते, पण तो ती दुधात विरघळवून मला पाजतो. भिंतीच्या रंगातून आलं असतं तर आम्ही रंग खरवडला असता. नळातून आलं असतं तर नळ उपटला असता. घर बदललं असतं. पण स्वतःची हाडं काढून कुठे ठेवणार? मी जाईन तिथे ती येणार, आणि बाळ तर त्यांच्याच मध्ये बसलंय.

बाबांना हे सांगायचं नाही, असं नवऱ्याने आणि मी ठरवलं. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे राहतात. पंच्याहत्तरीला टेकलेत, पण डोकं तल्लख. ठकीला ठोकळ्यांचे मनोरे बांधायला शिकवतात आणि पाया कच्चा राहिला तर नातीलाही सोडत नाहीत. आयुष्यभरात माणसाने एक तरी काम असं करावं की त्याचा लोकांना उपयोग व्हावा, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं ते काम कोणतं, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

काल सकाळी आम्ही दोघंच घरी होतो. मी कॅल्शियमची गोळी घेत होते आणि बाबा वर्तमानपत्राची घडी घालत होते.

"मी एक ठरवलंय," ते म्हणाले. "बाळंतपण झालं की महिनाभर सगळ्यांनी टेकडीवर जाऊन राहायचं. माझ्या मित्राचा बंगला रिकामाच पडलाय. काल फोन करून विचारलंसुद्धा."

"नको, बाबा."

"नको काय? इथे काय हवा आहे? बाळाला जरा मोकळी हवा मिळू दे. तुला नाही का तिथेच वाढवलं? काही झालं का तुला?"

"झालं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "झालंय, बाबा."

मग सगळं सांगून टाकलं. मला ते हळूहळू सांगायचं होतं, पण भीतीने माणूस हळू बोलूच शकत नाही. ठकीचा दात, जन्माची रेघ, माझं रक्त, पट्टीने ओढलेली ती रेघ. मी थांबल्यावर त्यांनी इंजिनियरसारखे प्रश्न विचारले. वारा कोणत्या नोंदीतला घेतला? शाळेच्या पटांगणाची उंची किती धरली? मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून मनात काहीतरी मांडलं, आणि उत्तर जुळलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला.

"मी हिशोब केला तो वस्तीचा," ते म्हणाले. "धूर वस्तीवर पडायला नको, एवढाच प्रश्न होता. टेकडीचा केला नाही."

"का?"

"प्रश्नातच नव्हती ती."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडणार कुठल्या तोंडाने? तीच टेकडी आम्हीही हिशोबातून वगळली होती, हातात त्यांच्यापेक्षा चांगली यंत्रं असून. बाबा माझ्या पोटाकडे बघत होते. मग त्यांची नजर तिथून हलेना.

"तुला लहानपणी खोकला असायचा," ते म्हणाले. "सारखा. म्हणून रोज संध्याकाळी मी तुला टेकडीच्या कडेला घेऊन जायचो. शाळेच्या मागे, वारा यायचा तिथे. तुला उभी करायचो आणि म्हणायचो, छाती भरून श्वास घे. जोरात घे. अजून घे." त्यांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं. "आठवतं का गं तुला?"

मला आठवत होतं. त्यांचा तळवा माझ्या पाठीवर असायचा. मी गाल फुगवून श्वास धरून ठेवायचे आणि ते शाबास म्हणेपर्यंत सोडायचे नाही. दिवसभरातली ती माझी सगळ्यात आवडती वेळ होती.

"नाही आठवत," मी म्हणाले.

"नाही?"

"तुम्ही कुठे न्यायचात मला? तुम्हाला घरी यायलाच अंधार व्हायचा. आई म्हणायची ना, ह्यांचं लग्न कारखान्याशी झालंय."

लोकांना आठवायला लावणं हा माझा धंदा. कुणी आठवत नाही म्हणालं तर मी सोडत नाही, उलटसुलट विचारते. बाबांनीही माझ्याकडे तसंच निरखून पाहिलं. मी डोळ्याला डोळा देऊन बसून राहिले.

"हो," ते म्हणाले. "अंधारच व्हायचा. माझीच काहीतरी गल्लत होतेय." आणि त्यांनी वर्तमानपत्राची आधीच घातलेली घडी पुन्हा घातली.

तेवढ्यात बाळाने पाय मारला. चांगला सणसणीत. मी दचकून पोट धरलं.

"हललं का?" बाबांनी विचारलं. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला.

"हो."

"मागच्या महिन्यापेक्षा जोर आलाय ना? वाढतंय."

"हो, बाबा," मी म्हणाले. मी गोळ्यांची बाटली जवळ ओढली. "भराभर वाढतंय."